शेंगदाणा घशात अडकला आणि बाळाचा आवाजच बंद झाला, नेमकं काय करायला हवं होतं?

दोन_चिमण्या:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज. गेल्या रविवारी घरी जे झालं त्यातून मी अजून बाहेर आलेली नाहीये. मुलगा २० महिन्यांचा. दिवाळीचा उरलेला चिवडा डब्याच्या तळाशी होता, तो सासूबाईंनी वाटीत घेतला आणि हा त्यांच्या बाजूला बसून चुरमुरे-शेंगदाणे वेचून खात होता, रोजचंच आहे ते. नणंदेच्या मुलीनं काहीतरी वेडंवाकडं तोंड करून त्याला हसवलं आणि त्याच हसण्यात ठसका लागला. दोन-तीनदा जोरात खोकला आणि मग एकदम शांत. म्हणजे तोंड उघडं, डोळे मोठे झालेले, हात हवेत, आणि आवाजच नाही. रडण्याचाही नाही. ओठ जांभळट दिसायला लागले.

मग घरातल्या चार माणसांनी पाच गोष्टी केल्या. सासूबाई टाळूवर थापट्या मारत "वर बघ, वर बघ, चिमणी बघ", मी पेल्यात पाणी घेऊन धावले, नवऱ्यानं पाय धरून सरळ उलटा लटकवला, नणंद १०८ लावू की डॉक्टरांना लावू यातच अडकली आणि मी शेवटी तोंडात बोट घातलं. यातल्या कशानं झालं माहीत नाही पण ओकारी आली, थोडे चुरमुरे आणि लाळ बाहेर पडली आणि तो किंचाळून रडला. आयुष्यात कधी रडण्याचा आवाज इतका गोड वाटला नव्हता. सगळं मिळून मिनिटभरच झालं असेल. दहा मिनिटांत खेळायला लागला म्हणून दवाखान्यात नेलं नाही.

आता प्रश्न. असं परत झालं तर आधी काय करायचं आणि मग काय? बोट घालायचं की नाही? मावसदीर अमेरिकेत असतो, तो म्हणतो पाठीवर अजिबात मारायचं नाही, फक्त पोट दाबायचं. सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या व्हिडिओत बरोबर उलटं सांगितलंय. कोणाचं ऐकू?

आणि हो, सोमवारपासून त्याला रात्री थोडा खोकला येतोय, मधेच शिट्टीसारखा बारीक आवाज येतो छातीतून. ताप वगैरे नाही. बहुतेक हवा बदललीय म्हणून असेल.

वेंगुर्ल्याचा_बांगडा:
ताई देवाची कृपा. आमच्याकडे माशाचा काटा अडकला की आजी सुक्या भाताचा मुटका न चावता गिळायला लावते, नाहीतर केळं. हमखास उतरतं. बाळाला पण केळं भरवून बघायला हरकत नव्हती असं आपलं मला वाटतं.

भूल_देणारा:
वेंगुर्लेकर, प्लीज नको. आणि ताई, तुमच्या प्रश्नांवर येतोच, पण आधी तुमची शेवटची ओळ, जी तुम्ही जाताजाता लिहिलीय. मी भूलतज्ज्ञ आहे, आणि अशी मुलं आमच्या टेबलावर येतात तेव्हा निम्म्या वेळा आईवडील हेच सांगतात, ठसका लागला होता पण नंतर छान खेळत होता म्हणून आणलं नाही. ठसक्यानंतर नव्यानं सुरू झालेला खोकला आणि छातीत शिट्टी म्हणजे दाण्याचा एखादा तुकडा श्वासनळीतून खाली एका बाजूच्या फुप्फुसाच्या फांदीत जाऊन बसलाय असंच धरून चालायचं, जोवर तपासून तसं नाही हे कळत नाही तोवर. आज रात्री नाही झालं तर उद्या सकाळी पहिलं काम हेच. बालरोगतज्ज्ञ आणि लहान मुलांची दुर्बीण करणारे कान-नाक-घसावाले दोघंही आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलात न्या, आणि ठसक्याची गोष्ट तिथे आठवणीनं, पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर दमा समजून वाफारा देऊन घरी पाठवतील. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून समाधान मानू नका, शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. नाणं दिसतं, दाणा नाही. आणि रात्रीत धाप वाढली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली, दूध पिता येईना असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं.

हे झालं. आता बाकीचं, जरा मोठं होईल, सवड काढून वाचा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीय: "आवाजच नाही." ठसका लागला आणि मूल जोरात खोकतंय, रडतंय, बोलतंय, तर हवा जातेय येतेय, त्याला काहीही करू नका. पाठ थोपटू नका, पाणी देऊ नका, फक्त पुढे वाकवा आणि खोकू द्या, त्याच्या खोकल्याइतका जोर तुमच्या-आमच्या हातात नाही. ज्या क्षणी खोकला बिनआवाजी होतो, रडताना तोंड उघडतं पण आवाज निघत नाही, मोठा माणूस असेल तर स्वतःचा गळा धरतो आणि "काय झालं" विचारलं तर नुसती मान हलवतो, तिथून घड्याळ सुरू. चार-सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूला इजा व्हायला लागते, आणि त्याच्या बरंच आधी मूल बेशुद्ध पडतं. त्यामुळे आधी फोन की आधी उपाय असा घोळ घालायचा नाही, एकानं १०८ लावायचा आणि एकानं हात चालवायचा. घरात एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा.

वर्षाच्या आतलं बाळ: खुर्चीवर बसा, बाळाला स्वतःच्या हातावर पालथं घ्या, हात मांडीवर टेकवा, डोकं छातीपेक्षा खाली. जबडा बोटांत धरायचा, गळा नाही, हे लोक हमखास चुकतात. मग दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या जाड भागानं पाच फटके. थोपटायचं नाही, फटकेच, पण बाळाच्या मापाचे. नाही निघालं तर दोन हातांमध्ये सँडविचसारखं धरून उताणं करा, डोकं खालीच, आणि छातीच्या मधोमध, दोन स्तनाग्रांना जोडणाऱ्या रेषेच्या जरा खाली पाच वेळा दाबा. पूर्वी इथे दोन बोटं शिकवायचे, आता एका तळहाताचा जाड भाग सांगतात. परत पाच पाठीवर, पाच छातीवर, वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत. एवढ्या लहान बाळाचं पोट दाबायचं नाही, यकृत मोठं असतं, फाटू शकतं.

तुमच्या मुलासारखं वर्षाच्या पुढचं असेल तर: तुम्ही गुडघ्यांवर त्याच्या मागे, एक हात छातीला आधार, त्याला पुढे वाकवून किंवा मांडीवर आडवं टाकून पाठीवर तसेच पाच फटके. नाही जमलं तर मागून कवेत घ्या, एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या मधल्या हाडाच्या खाली, दुसऱ्या हातानं मूठ धरायची आणि आत व वर असा झटका, पाच वेळा. परत पाठ, परत पोट. मोठ्या माणसालाही हेच, फक्त उभ्यानं आणि पूर्ण जोर लावून. गरोदर बाई असेल किंवा पोटाला मिठी बसत नसेल इतका देह असेल तर पोटाऐवजी छातीच्या मधोमध.

तुमच्या दिराचंही फार चुकलेलं नाही बरं का. पोट दाबायची ही पद्धत हाइमलिक नावाच्या अमेरिकन सर्जननं १९७४ साली मांडली आणि ते गृहस्थ पाठीवर मारण्याच्या कट्टर विरोधात होते. त्यामुळे अमेरिकेत मोठ्यांसाठी कित्येक वर्षं नुसतं पोटच शिकवलं जायचं, युरोपात मात्र आधी पाठ मग पोट. २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नव्या सूचना आल्या त्यात त्यांनीही मोठी माणसं आणि वर्षावरची मुलं दोघांसाठी पाच पाठ, पाच पोट असंच केलंय. आता वाद मिटला. (हाइमलिकसाहेबांनी २०१६ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, ते राहायचे त्या वृद्धाश्रमात जेवताना गुदमरलेल्या एका बाईला स्वतःच्या पद्धतीनं वाचवलं. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले.)

बोट: वस्तू डोळ्यांना दिसत असेल आणि सहज चिमटीत येत असेल तरच. अंदाजानं घशात बोट फिरवलं की अर्धवट अडकलेली वस्तू बुचासारखी घट्ट बसते. तुमचं नशीब चांगलं म्हणून ओकारी आली. पाय धरून लटकवणं नको, निसटला तर डोकं आपटेल आणि लटकवलेल्या मुलाला नीट फटका मारता येत नाही. टाळूवर थापट्या मारून काही होत नाही, पण "वर बघ" हे वाईट, मान मागे गेली की पुढे यायची वस्तू मागे जाते. पाणी आणि केळं तर नाहीच. काटा अडकतो घशाच्या मागच्या भागात किंवा अन्ननळीत, तिथे माणूस श्वास घेत असतो, बोलत असतो. इथे श्वासनळीच बंद आहे, वरून केळं कोंबलं तर उरलीसुरली फटही बुजणार. आणि काट्यालाही मुटका आता आम्ही नको म्हणतो, काटा अजून खोल रुततो, पण तो वेगळा धागा होईल.

मूल हातात सैल पडलं, प्रतिसाद बंद झाला, तर फटके थांबवा. कडक जमिनीवर उताणं झोपवा आणि सीपीआर सुरू करा, नाडी शोधत बसू नका. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगानं ३० दाब, मग तोंड उघडून बघा, काही दिसलं तर काढा, नाही दिसलं तर दोन श्वास द्या आणि परत ३०. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मुलाची साधारण पाच, तान्ह्याची चार. आपल्याकडे सामान्य लोकांना नुसतं छाती दाबायला शिकवतात, अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी ते ठीकच आहे, पण गुदमरलेल्या मुलात मूळ अडचण हवेचीच असते म्हणून येत असेल तर श्वास द्याच. येत नसेल तर नुसतं दाबत राहा, काहीच न करण्यापेक्षा शंभर पट बरं.

चिकित्सक_नाशिक:
डॉक्टर माहिती मस्त, पण दोन शंका. एक, पोटाला असे झटके मारून आत काही फाटलं तर? काहीतरी सौम्य नाही का? दोन, ऑनलाइन ते तोंडावर मास्क लावून हवा खेचणारं यंत्र मिळतं, दोन-अडीच हजारात, रिव्ह्यू फार भारी आहेत, घेऊन ठेवावं का? आमच्याकडे द्राक्षाच्या सीझनला घरात सतत द्राक्षं आणि पुतणी तीन वर्षांची.

भूल_देणारा:
फाटू शकतं, खोटं कशाला सांगू. म्हणूनच पोटाला झटके दिलेल्या प्रत्येकाला नंतर दवाखान्यात दाखवायचं, वस्तू निघाली आणि माणूस हसत असला तरी. पण आवाज बंद झालेल्या माणसाला सौम्य काही चालत नाही. यंत्राबद्दल अजून म्हणावा तसा पुरावा नाही, आणि मला खरी भीती अशी की पहिली तीस सेकंदं लोक कपाट धुंडाळण्यात घालवतील. हात कपाटात ठेवलेले नसतात. तुमचे अडीच हजार द्राक्षांवरच खर्च करा आणि ती उभी चार फोडी करून द्या. आडवी कापली तर नुसती चकती होते, नळीवर झाकण बसावं तशी बसते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खे काजू चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच, कूट करून किंवा लाडवात द्या. आणि फुग्याचे तुकडे! वाढदिवसाला फुटलेला फुगा कोणी उचलत नाही, तो रबराचा तुकडा घशाला असा चिकटतो की फटक्यांनीही हलत नाही.

साततारखेला_पगार:
मी काही वर्षं १०८ च्या गाडीवर होतो, आता दुसरीकडे आहे. एवढंच सांगतो, फोन केल्यावर पहिलं वाक्य "लवकर या, लवकर या" असतं. आम्ही येणारच असतो हो. पहिलं वाक्य पत्ता पाहिजे. गाव, वाडी, रस्ता, जवळची खूण, शाळा, देऊळ, पेट्रोल पंप. मग "दोन वर्षांचं मूल, घशात अडकलंय, श्वास नाही." आणि फोन ठेवू नका, पलीकडचा माणूस काय करायचं ते सांगत राहतो. एका माणसाला सोसायटीच्या गेटवर उभं करा, लिफ्ट खाली धरून ठेवा. रात्री असेल तर मोबाईलची बॅटरी हलवत उभं राहा. एकदा आम्ही विंग शोधत इतका वेळ फिरलो की वर पोचेपर्यंत शेजारच्या कामवाल्या मावशींनी पाठीत चार रट्टे घालून चणा बाहेर काढला होता, त्यांना असलं काही कोणी शिकवलं नव्हतं, म्हणाल्या पोरगं काळं पडायला लागलं म्हणून हात उठला.

निळा_पंप:
धागा गुदमरण्याचा आहे पण श्वासाचाच विषय निघालाय म्हणून लिहिते, मला लहानपणापासून दमा आहे आणि माझ्यासमोर लोक काय काय करतात ते मी अनुभवलंय. अटॅक आला की पहिलं म्हणजे मला झोपवू नका!! प्रत्येक जण आडवं करायला बघतो. दमेकऱ्याला बसवायचं, जरा पुढे वाकून, हात गुडघ्यांवर किंवा टेबलावर. भोवती गर्दी नको. कापूर हुंगवणं, छातीला बाम चोळणं, गरम पाण्याची वाफ, कांदा, यातलं काहीही नको, धुरानं आणि वासानं मला तर वाढतं. अटॅकसाठीचा पंप, बहुतेकांचा निळा असतो, तो हलवायचा, स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी) असेल तर त्यातून एका वेळी एकच पफ, चार श्वास, मग दुसरा, असे चार पफ. चार मिनिटं थांबायचं. फरक नाही तर परत चार. तरी नाही तर १०८, आणि गाडी येईपर्यंत असंच चालू. रोज सकाळ-संध्याकाळचा पंप वेगळा असतो, माझ्या नवऱ्यानं एकदा घाईत तोच दिला होता, तेव्हापासून अटॅकच्या पंपावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीय. आणि घाबरायचं कधी, तर एका दमात वाक्य पुरं होत नाही, शब्दाशब्दाला थांबावं लागतं तेव्हा. छातीतली शिट्टी एकदम थांबली पण माणूस थकून गप्प झालाय तर ते बरं वाटणं नाही, तिथे हवाच चालत नाहीये. माझ्या काकूंनी तेव्हा "बघा, कमी झालं" म्हणून चहा टाकायला घेतला होता.

डोंगरवेडा_०७:
आम्ही ट्रेकवाले, आमचं दुखणं वेगळं, आग्या मोहोळ. गेल्या सीझनला एका किल्ल्यावर ग्रुपमधल्या एकाला दहा-पंधरा डंख झाले, पाच मिनिटांत ओठ सुजले, आवाज घोगरा, अंगभर गांधी आणि श्वासाला घरघर. सेट्रिझिन दिली आणि खांद्यावर घेऊन खाली आणला, वाचला. बरोबर केलं का डॉक?

भूल_देणारा:
खाली आणलात ते बरोबर, गोळी मात्र या कामाची नाही, ती खाजेची. आवाज घोगरा आणि घरघर म्हणजे घसा आतून सुजतोय, त्याला एकच औषध, अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात असतं, म्हणून ट्रेकच्या आधी पायथ्याचं केंद्र कुठे आहे ते विचारून ठेवा, चहाची टपरी विचारता तसं. वाटेत चालवू नका, उचलून आणा. श्वासाला त्रास असेल तर बसवून, चक्कर येत असेल तर आडवा आणि पाय वर. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबायचं, कधीकधी दुसरी लाट येते. आणि आधी मोहोळापासून लांब पळा, अंगात रुतलेले काटे नखानं खरवडून लगेच काढा, कसे काढताय यापेक्षा किती लवकर काढताय ते महत्त्वाचं.

दोन_चिमण्या:
अपडेट देतेय, चार दिवस इकडे बघायलाच झालं नाही. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद रात्री अकराला वाचला आणि सकाळी आठला निघालो. आधी जवळच्या दवाखान्यात गेलो, तिथे सर्दी आहे म्हणून सिरप लिहून देत होते, मी तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, "ठसका लागला होता, तेव्हापासून शिट्टी आहे", मग त्यांनीच चिठ्ठी देऊन मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. एक्स-रेमध्ये दाणा दिसला नाही, फक्त उजवं फुप्फुस जास्त फुगलेलं वाटतंय म्हणाले. संध्याकाळी भूल देऊन दुर्बीण घातली. अर्धा शेंगदाणा. सालासकट. ओला होऊन फुगलेला, डबीत घालून दाखवला त्यांनी. भुलीच्या डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा सासूबाई त्यांच्या पाया पडायला निघाल्या होत्या, त्या बिचाऱ्या मागे मागे सरकत होत्या.

दोन रात्री ठेवून घरी सोडलं. खोकला गेला. चिवड्याचा डबा सासूबाईंनी स्वतः वॉचमनकाकांना देऊन टाकला आणि आता मिक्सरवर दाण्याचं कूट करून ठेवलंय दोन किलो, एवढं कोण खाणार देव जाणे. काल त्यांनी नातीची जुनी बाहुली काढली आणि मला म्हणाल्या, ते पालथं कसं धरायचं ते दाखव, जबडा धरायचा ना, गळा नाही? नवऱ्याला आणि नणंदेलाही बसवलं. नवरा बाहुलीचे पाय धरायला गेला, चौघी एकदम ओरडलो.

एक शेवटचं विचारायचं होतं, सोसायटीत हे प्रत्यक्ष शिकवायला कोणी येतं का, बाहुली वगैरे घेऊन? ३५-४० जण तयार आहेत, ठाणे पश्चिम.

भूल_देणारा:
वाचून फार बरं वाटलं ताई. ठाण्यात माझे दोन बॅचमेट हे करतात, पुतळे घेऊन येतात, पैसे घेत नाहीत पण पोहे खातात. मेसेज करतो. रविवार सकाळ ठेवा आणि वॉचमनकाका आणि कामवाल्या मावशींनाही बोलवा, दुपारी मुलांजवळ त्याच असतात.